बटवडा

ऐंशी खुर्च्या मी मांडल्या, आले त्रेपन्न.
गुरुवारी या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा नाच असतो,
आज तो रद्द. दारावर हाताने लिहिलेला कागद:
पॅलेस्टाईनसाठी जाहीर सभा, साडेसात, सर्वांना प्रवेश.
किलीबेग्जमध्ये सर्वांना म्हणजे
ज्यांची बोट आज बंदरात आहे त्यांना.
ओल्या कोटांना बांगड्याचा वास.

माईकने शिट्टी मारली, मग मारतच राहिला.
आधी मासळी कारखान्याच्या युनियनचा डोनल,
वीस मिनिटं, अर्धी तोंडाने, अर्धी मुठीने.
मग सिस्टर ॲटराक्टा, जिला थांबवणं बिशपलाही जमलेलं नाही.
मग गॉलवेहून आलेली कॉलेजची मुलगी;
आकडे सांगता सांगता
तिचा आवाज आकड्यांखाली सापडला.
आम्ही टाळ्या वाजवल्या. खऱ्याच होत्या,
पण टाळ्यांनाही सवय लागते.
मागे आधण उतू जात होतं, मी आच कमी केली.

मग नुमान नावाचा माणूस उठला.
उसना कोट, बाह्या बोटांपर्यंत.
खिशातून चार घड्यांचं भाषण काढलं,
पाहिलं,
घडी घालून परत ठेवलं.
म्हणाला, मी शुजाइयात पोस्टमन होतो.
एकोणीस वर्षं, एकच बीट.
भाषण येत नाही मला. बीट पाठ आहे.

तेवढंच एक ‘होतो’.
पुढे सगळं वर्तमानकाळात.

डावीकडे औषधांचं दुकान. मालक दुपारी घोरतो,
पत्र शटरखालून सरकवायचं.
त्याच्यावर, दुसऱ्या मजल्यावर, उम्म वजदी. डोळे गेलेत,
तिला वाचून दाखवतो.
मुलगा बर्लिनहून नको ते लिहितो,
मी मधली ओळ गाळतो.
शेजारी शिंपी. त्याला नुसती बिलंच येतात,
शिव्या मात्र मी खातो.
निळं दार: दोन भाऊ, बारा वर्षांचा अबोला,
पेट्या दोन,
खिळा एकच.

दुभाषी मुलीने आधी सगळं सांगितलं,
मग नुसती नावं,
मग ती गप्प झाली. कोणाचं अडलं नाही.
तो हाताने दाखवत होता, डावीकडे, जिना, वर, गच्ची, पुन्हा खाली,
आणि आमच्या माना त्याच्यामागून चालत होत्या.
कुठलं घर उभं आहे हे त्याने सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

तिसऱ्या रांगेत असम्प्टा उठली.
या गावची टपालवाली. निवृत्त, गुडघे गेलेले.
प्रश्न शेवटी विचारायचे असतात;
तिने मध्येच विचारला: ‘कुत्री?’
नुमानने दुभाषीकडे पाहिलं, मग समजलं,
आणि पाहुणा पहिल्यांदा हसला.
व्यासपीठावर पाय ठेवून पँट वर केली, पोटरी दाखवली.
असम्प्टानेही दाखवली. तिची खूण मोठी निघाली.
हॉल असा हसला की फादर दारातून डोकावले.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली,
‘आणि उरलेली?’
तिलाच सुचावं असं.
‘सतरा,’ तो म्हणाला. ‘शेवटच्या दिवशीची. पिशवी तिथेच राहिली.
पत्ते आणलेत.’

ठराव एकमताने मंजूर झाला.
बादलीत चारशे बारा युरो
आणि कोटाचं एक बटण.
साडेनऊला दिवे मालवायचे, असा कौन्सिलचा नियम आहे.
ते दोघं शेजारी शेजारी बसून
बोटांनी एकमेकांना जिने दाखवत होते,
भाषेविना.
मी दहापर्यंत कप विसळले. विसळलेलेच.

घरी जाताना चढावर, आमच्या गल्लीत,
मी दारं मोजू लागले, नावांसकट.
मॅकगिन्ली. बर्न. पोलंडचं जोडपं, त्यांचं बाळ रडतं.
चौथं दार.
आत दिवा होता. कोणीतरी खोकत होतं.
तीस वर्षं मी त्यावरून जाते,
आणि नाव येईना.
पाऊस धरला होता.
मी उलटी फिरले,
कोपऱ्यापासून परत सुरुवात केली.